बायकांना ट्यूब टाकताना ब्लेड कोणतं, ३ की ४?

शर्वरी_भूल

नमस्कार मंडळी. एमडी होऊन दीड वर्ष झालं. सध्या तालुक्याच्या ठिकाणी सरकारी नोकरी आहे आणि ओटीत भूल द्यायला मी एकटीच. प्रश्न साधा आहे, पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये. प्रौढ बाईला भूल देऊन श्वासनलिकेत ट्यूब टाकताना तुम्ही पहिलं ब्लेड कोणतं उचलता, मॅकिंटॉश ३ की ४?

निमित्त सांगते. रात्री अडीचला झटके येत असलेली पहिलटकरीण आली. वय २२, उंची जेमतेम पावणेपाच फूट, चेहरा सुजलेला. प्लेटलेट कमी, त्यामुळे पाठीतल्या भुलेचा विचार सोडला. ट्रॉलीवर दोन्ही ब्लेडं होती. ३ नंबर जोडलं तर दिवा लागेना, ४ चा लागला. म्हटलं असू दे, मोठंच तर आहे, छोटं असण्यापेक्षा बरं. झोपेसाठी थायोपेंटोन, स्नायू सैल पडायला स्कोलीन, ब्लेड आत. नेहमीच्या सवयीने मुळापर्यंत घातलं आणि उचललं. समोर नुसतं गुलाबी! एपिग्लॉटिस (श्वासनलिकेवरचं झाकण) नाही, कॉर्ड (स्वरतंतू) नाहीत, ओळखीचं काहीच नाही. मॉनिटरचा सूर उतरायला लागला. ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९८, ९४, ९०. मग ब्लेड हळूच दोनेक सेंमी मागे घेतलं आणि एपिग्लॉटिस टपकन नजरेसमोर पडलं. बूजी (ट्यूबेला वाट दाखवणारी लवचिक काडी), तिच्यावरून ६.५ ची ट्यूब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर आलेख. बाळ रडलं. मायलेक दोघं सुखरूप घरी गेले, पण माझे हात पहाटेपर्यंत थरथरत होते.

शिकत असताना एक मॅडम म्हणायच्या, बाई म्हणजे ३. दुसरे सर म्हणायचे, प्रौढ म्हणजे ४, बाई असो की बुवा. तुम्ही काय करता आणि का, ते सांगा.

मिरजेचा_गॅसमन

३. पंचवीस वर्षं ३ च.

वैदर्भीय

आणि मी वीस वर्षं ४ च, गॅसमन साहेब :) या विषयावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

शर्वरी मॅडम, तुमचं ब्लेड चुकलं नव्हतं, घालायची रीत चुकली. ४ नंबर मुळापर्यंत घालायचं नसतंच. जिभेवरून सरकवत जायचं, एपिग्लॉटिसचं टोक दिसलं की थांबायचं, मग टोक जिभेच्या मुळाशी असलेल्या खोबणीत बसवायचं. ब्लेड तोंडाबाहेर दोन बोटं राहिलं तर राहू द्या, कोणी दंड करत नाही. लांब ब्लेड कमी घालता येतं, आखूड ब्लेड लांब करता येत नाही. वरून एपिग्लॉटिस लांबट, लुळं असलं तर ४ च्या टोकाने ते सरळ उचलताही येतं, मिलरच्या सरळ ब्लेडसारखं. ३ ने ते दर वेळी जमत नाही.

अबोली

मी डॉक्टर नाही. शीर्षक वाचून दाढीचं ब्लेड समजून आत आले आणि आता पूर्ण वाचल्याशिवाय जाववत नाही. कोणीतरी आमच्यासारख्यांना कळेल असं सांगा ना, हे ब्लेड कापतं का?

हेमांगी_के

अबोली, कापत नाही गं. टॉर्चसारखी एक मूठ असते, आत सेल. तिला काटकोनात जोडलेली वाकडी, बोथट पट्टी म्हणजे ब्लेड. तिच्यावर बारका दिवा असतो. पेशंट झोपली, स्नायू सैल पडले, की तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून हे आत घालून जीभ डावीकडे सारायची. जिभेचं मूळ आणि श्वासनलिकेवरचं झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, यांच्यामध्ये एक छोटी खोबण असते, व्हॅलेक्युला. ब्लेडचं टोक तिथं टेकवून मूठ पुढे-वर उचलली की खोबणीखालचा बंध ताणला जातो आणि झाकण आपोआप वर उठतं. खाली स्वरतंतू, आणि त्यांच्यामधून ट्यूब.

म्हणजे सगळा खेळ त्या टोकाचा. टोक खोबणीच्या अलीकडे राहिलं तर झाकण उठत नाही, नुसतं लोंबत राहतं. पलीकडे गेलं तर अन्ननलिकेच्या तोंडाशी पोचतं आणि शर्वरीला दिसलं तसं नुसतं गुलाबी दिसतं. ३ नंबर साधारण १३ सेंमी, ४ नंबर साधारण १५ ते १६ सेंमी. भांडण आहे ते या दोन-अडीच सेंमीचं.

अबोली

आता कळलं. हात जोडले तुम्हा लोकांना.

मिरजेचा_गॅसमन

वैदर्भीय, तुमचा मुद्दा शांतपणे ऐकणाऱ्या माणसासाठी बरोबर आहे. रात्री अडीचला, सॅच्युरेशन पडत असताना, एकट्या माणसाचा हात सवयीनेच चालतो आणि सवय आत जायची असते. "कमी घाला" हे सांगायला सोपं. म्हणून सवयीला साजेसं ब्लेड हातात द्यावं.

आता कारण. ट्यूब दातापाशी आपण कुठे बांधतो? बाईला २१ सेंमीवर, पुरुषाला २३ वर. हे दोन सेंमी काय उगाच आले? बाईचा घसा सरासरी तेवढा आखूड असतो. ३ आणि ४ मधला फरकही जवळजवळ तेवढाच. म्हणून बाईला ३ आणि बुवाला ४ ही जुनी रीत मला पटते. त्यात आपल्याकडच्या बायका, माझ्या टेबलावर येणाऱ्या निम्म्याअधिक पाच फुटांच्या आत. त्यांना ४ नंबर म्हणजे विहिरीत हंड्याऐवजी पिंप सोडल्यासारखं.

वैदर्भीय

पिंपाची उपमा आवडली. तरी एक सांगतो. मागल्या उन्हाळ्यात एक पोलीस भरतीवाली मुलगी आली, अपेंडिक्स. उंची पाच फूट नऊ इंच, मान लांब. माझी विद्यार्थिनी "बाई म्हणजे ३" म्हणून ३ घेऊन बसली. ब्लेड मुळापर्यंत गेलं, मूठ दातांना टेकली, तरी टोक खोबणीत पोचेना. झाकण लोंबतंय, कॉर्डांचा पत्ता नाही. मग माणूस काय करतो? वरच्या दातांवर टेकवून पहारीसारखं उचलतो. मी वेळेत हात धरला म्हणून दात वाचला. ४ घेतलं, टोक बसलं, अख्खे कॉर्ड समोर.

म्हणून माझं म्हणणं, बाई-बुवा पाहू नका. उंची पाहा, हनुवटीपासून गळ्याच्या घाटीपर्यंतचं अंतर पाहा.

मिरजेचा_गॅसमन

या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. पाच फूट सात इंचांच्या वरची बाई असेल तर मीही ४ उघडून ठेवतो.

डोंबिवलीकर

चला, दोन प्रतिसादांत दोन पावलं जवळ आले. धागा बंद करायचा का? ;)

थेम्सकाठ

बंद कशाला, अजून कॅमेऱ्याचा विषय निघायचाय. मी इंग्लंडात काम करतो. आमच्याकडे आता बहुतेक वेळा व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच, म्हणजे ब्लेडवर कॅमेरा असलेलं यंत्र, हातात असतो. मला वाटायचं, कॅमेरा आला की नंबराचा वाद संपला. संपत नाही. त्या यंत्रांनाही ३ आणि ४ येतातच. उलट तिथे मोठ्या ब्लेडचा वेगळाच त्रास होतो. ब्लेड कॉर्डांच्या फार जवळ नेलं की पडद्यावर चित्र झकास दिसतं, पण ट्यूब आत वळवायला जागा उरत नाही आणि ती झाकणाच्या कडेला अडकत राहते. थोडं मागे या, चित्र अर्धं होऊ द्या, ट्यूब सरकते. त्यामुळे बायकांना कॅमेऱ्यातही मी आधी ३ च घेतो.

एक माहिती. २०२३ साली फ्रान्समधल्या आयसीयूंतला एक मोठा अभ्यास आला. त्यात ३ नंबरने पहिल्याच प्रयत्नात ट्यूब जाण्याचं प्रमाण ४ नंबरपेक्षा चांगलं निघालं, स्त्री-पुरुष दोघं धरून. अर्थात जुन्या नोंदी बघून केलेला अभ्यास. कोणी कोणतं ब्लेड का उचललं, हे नोंदीत सगळं येत नाही. वैदर्भीय सर, रागावू नका.

वैदर्भीय

रागावत नाही हो. वाचलाय. आयसीयूत रात्री ट्यूब टाकणारा हात बऱ्याचदा नवशिका असतो, आणि नवशिक्याच्या हातात ४ मुळापर्यंत जातं. म्हणजे मी म्हटलं तेच!

मिरजेचा_गॅसमन

आणि मी म्हटलं तेही!

मंदा_सिस्टर

मी ओटी सिस्टर, एकतीस वर्षं नोकरी झाली. डॉक्टर मंडळी ३ की ४ म्हणून भांडतात, पण शर्वरी मॅडमच्या गोष्टीतली खरी चूक कोणी धरलीच नाही. ३ नंबरचा दिवा लागत नव्हता! तो पेशंट टेबलावर आल्यावर का कळावा?

मॅडम, तुम्हाला बोल लावत नाही, ते काम आमचं असतं. मी सकाळी आल्या आल्या आणि ड्युटी देताना, दोन्ही वेळा सगळी ब्लेडं मुठीला लावून उघडते. दिवा नुसता लागून चालत नाही. पांढरा लख्ख हवा, पिवळट असेल तर सेल गेले समजायचं. बल्ब हाताने आवळून बघायचा. ब्लेड धुताना आटे सैल होतात आणि ऐन वेळी लुकलुकतो. दिवा लागत नसेल तर निम्म्या वेळा बल्ब शाबूत असतो, जोडाच्या ठिकाणी डाग चढलेला असतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की लागतो.

आणि बाई सिझरला आली की माझ्या ट्रॉलीवर हे असतं: दोन मुठी, त्यातली एक आखूड. ३ आणि ४ दोन्ही ब्लेडं. ट्यूबा ६, ६.५, ७. बूजी पिशवीतून बाहेर काढलेली. सक्शन चालू करून उशीखाली.

शर्वरी_भूल

सिस्टर, तुम्ही बोललात ते मनाला लागलं आणि पटलंही. मी तो दिवा संध्याकाळी पाहिला नव्हता. एकटी असताना ते कामही माझंच. आखूड मुठीबद्दल अजून सांगाल का? आमच्याकडे ती नाहीच.

हेमांगी_के

मी सांगते, माझं सगळं आयुष्य लेबर रूममध्ये चाललंय. गरोदरपणी स्तन भरलेले असतात, बाई आडवी झाली की ते वर गळ्याकडे सरकतात. नेहमीची लांब मूठ ब्लेड आत घालतानाच छातीला अडते. हात वाकडा होतो आणि ब्लेड तिरकं शिरतं. आखूड मूठ असली तर प्रश्नच नाही. नसेल तर मूठ आडवी, बाईच्या उजव्या खांद्याकडे वळवून ब्लेड आत घ्यायचं आणि मग सरळ करायचं. किंवा नुसतं ब्लेड आधी तोंडात ठेवून नंतर मूठ जोडायची. दोन्ही करून बघ, एखाद्या निवांत यादीच्या दिवशी.

दुसरं म्हणजे डोक्याखालची रचना. याने जेवढा फरक पडतो तेवढा ३-४ ने पडत नाही. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका पातळीत आली पाहिजे. स्थूल बाई असेल तर खांद्यांखाली चादरींच्या घड्यांचा उतार करायचा. आणि हो, अंबाडा! बाई लेबरमधून येते तेव्हा मागे घट्ट अंबाडा असतो, त्यात चाप, कधी सुकलेला गजरा. तो उशीवर टेकला की डोकं पुढे ढकललं जातं आणि मागे कलतच नाही. मी स्वतः हाताने केस सोडून वेणी बाजूला काढते. तीस सेकंद लागतात. एकदा एका बाईचा अंबाडा सोडला आणि आधी न दिसणारे कॉर्ड त्याच ब्लेडने दिसले. तेव्हापासून हे कधी चुकवलेलं नाही.

अबोली

अंबाड्याचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या सिझरच्या वेळी एक मॅडम माझे केस सोडत होत्या आणि मला वाटलं, हिला आत्ता काय सुचतंय हे.

जुना_जाणता

नव्या लोकांसाठी थोडं मागचं सांगतो. हे वाकडं ब्लेड सर रॉबर्ट मॅकिंटॉश यांचं. जन्म न्यूझीलंडचा, काम ऑक्सफर्डला. १९३७ साली युरोपातलं भूलशास्त्राचं पहिलं प्राध्यापकपद त्यांना मिळालं. तोवर सरळ ब्लेडने एपिग्लॉटिसच उचलायची पद्धत होती. मिलरचं सरळ ब्लेड १९४१ चं. एकदा टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी तोंड उघडं ठेवणारा चिमटा लावला आणि कॉर्ड समोर दिसले. मॅकिंटॉश यांच्या लक्षात आलं की झाकणाला हात न लावता, त्याच्या मुळाशी रेटूनही काम होतं. १९४३ साली त्यांनी ते ब्लेड छापून जाहीर केलं.

आणि कॉर्ड किती दिसतात याची आपण जी ग्रेड १ ते ४ म्हणतो, अख्खे कॉर्ड, मागचा भाग, नुसतं झाकण, काहीच नाही, ती कॉर्मॅक आणि लेहेन यांची, १९८४. तो लेख बाळंतिणींच्याच अवघड ट्यूबेबद्दल होता. त्यात एक सराव सुचवलाय, तो माझ्या मते प्रत्येकाने करावा. सोप्या पेशंटमध्ये चांगले कॉर्ड दिसत असताना मुद्दाम ब्लेड थोडं खाली सोडायचं, झाकणाने कॉर्ड झाकू द्यायचे, आणि तशा नजरेने बूजी घालायची. म्हणजे खरी अडचण आली की हाताला ती वाट माहीत असते.

शर्वरी, तुझ्या हाताला बूजी उचलायचं सुचलं म्हणजे तुला कोणीतरी नीट शिकवलंय.

शर्वरी_भूल

सर, हे वाचून डोळे भरून आले. ती सवय त्याच "बाई म्हणजे ३" वाल्या मॅडमनी लावली.

डोंबिवलीकर

अवांतर: माझी आई मिश्री लावते, तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. पुढच्या महिन्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. हे आधी सांगायला हवं का?

वैदर्भीय

अवांतर कसलं, सगळ्यात कामाचा प्रश्न! सांगायलाच हवं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे, आजच. आमच्या भागात खर्रा-सुपारीने गालाच्या आतले पडदे दोरीसारखे ताठ होतात, तोंड उघडतच नाही. भूल दिल्यावरही ते सैल पडत नाही. तिथे ३ काय आणि ४ काय, ब्लेड शिरायलाच जागा नसते. अशा वेळी पेशंट जागी असतानाच नाकातून दुर्बिणीवरून ट्यूब घालायची तयारी ठेवावी लागते. ती सगळीकडे नसते. भूलतज्ज्ञाला आधी भेटा, आईंना सोबत न्या, तोंड उघडून दाखवू दे. हलणारे दात, कवळी, आधीच्या ऑपरेशनला "ट्यूब टाकायला त्रास झाला" असं कोणी म्हटलं असेल तर तेही सांगा.

डोंबिवलीकर

सर, उद्याच नेतो. मनापासून आभार.

हेमांगी_के

शर्वरी, मूळ प्रश्नाकडे येते. बाळंतिणीच्या बाबतीत मी ३ घेते आणि त्याचं कारण लांबीपेक्षा वेळ हे आहे. पोट वर चढल्याने फुप्फुसातला राखीव साठा सुमारे २०% कमी झालेला असतो आणि ऑक्सिजनची गरज तेवढीच वाढलेली. तुझं सॅच्युरेशन डोळ्यांदेखत पडलं ते म्हणूनच. इंग्लंडच्या २०१५ च्या बाळंतिणींसाठीच्या नियमावलीत दोनच प्रयत्न सांगितलेत, तिसरा फक्त अनुभवी माणसाने. म्हणजे पहिला प्रयत्न वाया घालवायची चैन नाही. बुटक्या, सुजलेल्या बाईत ३ नंबर हळूहळू नेलं की ओळखीच्या गोष्टी क्रमाने दिसतात: जीभ, झाकणाचं टोक, खोबण. ४ एकदम आत गेलं की आधी हरवायचं आणि मग परत यायचं.

आणि तुझ्यासारखं हरवलंच तर तू केलंस तेच करायचं. घाबरून अजून आत जायचं नाही, सावकाश मागे यायचं.

वैदर्भीय

हेमांगी मॅडम, बाळंतिणीपुरतं मान्य. माझ्या विद्यार्थ्यांनाही आता असंच सांगेन: पाच फुटांच्या आतली बाई असेल तर ३ हातात, ४ शेजारी.

थेम्सकाठ

एक सोपा अंदाज. लहान मुलांमध्ये ब्लेड गालाशेजारी धरून बघतात. मूळ वरच्या पुढच्या दातांपाशी ठेवलं की टोक जबड्याच्या कोनाच्या आसपास, सेंटीमीटरभर इकडेतिकडे यावं. मी मोठ्यांतही सवय म्हणून नजरेने बघतो. पक्कं माप नव्हे, पण फार मोठी चूक असेल तर झोपवायच्या आधीच दिसते.

आणि शर्वरी, तुमच्या ट्रॉलीवरची ३ आणि ४ एकदा शेजारी ठेवून बघा. कंपनी बदलली की वळण बदलतं, पट्टीची उंची बदलते.

शर्वरी_भूल

सगळ्यांचे आभार. सविस्तर उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी सांगितलेलं करून बघायचं होतं.

आखूड मुठीची मागणी लिहून दिली आहे. चार बल्ब स्वतःच्या पैशाने आणून ट्रॉलीच्या कप्प्यात डबीत ठेवले. ब्लेडं शेजारी ठेवून बघितली. आमचं ४ नंबर नुसतं लांब नाही, मुळाशी उंचही आहे. म्हणजे लहान तोंडात ते उगाच जागा खातं, हे मला माहीतच नव्हतं.

मंगळवारी यादीत दोन बायका होत्या. पहिली गर्भाशय काढायची, चार फूट दहा इंच. अंबाडा स्वतः सोडला. ३ घेतलं, हळूहळू नेलं, झाकणाचं टोक दिसल्यावर थांबले, खोबणीत बसवलं. अख्खे कॉर्ड. मग जुना_जाणता सरांनी सांगितलं तसं ब्लेड जरा खाली सोडून बूजी घातली, आणि ती श्वासनलिकेच्या कड्यांवरून टकटक करत गेलेली बोटांना कळली. दुसरी बाई थायरॉइडची, शाळेत खेळाच्या शिक्षिका, पाच फूट आठ. तिला ३ गालाशी धरलं तेव्हाच आखूड वाटलं. ४ घेतलं, मुळापर्यंत नाही नेलं, दीड बोट बाहेर राहिलं. तिचेही कॉर्ड छान दिसले.

मिरजेचा_गॅसमन

शाब्बास. ट्यूबा कितीवर बांधल्या?

शर्वरी_भूल

पहिलीची २०, दुसरीची २२. दोन्ही बाजूंची हवा ऐकून.

मंदा_सिस्टर

आणि बल्बची डबी कुलपात ठेवू नका हं मॅडम. रात्री किल्ली सापडत नाही.